काठावर पास

४ जून

चि. छबीस, अ. उ. आ.

तुझ्या दादाने या वयात परीक्षा दिली आणि तो पास झाला! वाचनालयात साखर तपासणीचं शिबिर होतं. कंबरेला टेप लावली, आईवडिलांपैकी कुणाला साखर होती का विचारलं, रक्त घेतलं. आज निकाल लागला. डॉक्टरीणबाई माझ्या शेवटच्या तुकडीतल्या वाटाव्यात इतक्या लहान. त्या हळूच म्हणाल्या की सर, तुम्ही काठावर आहात. मी म्हटलं, काठावर तर काठावर, पास तो पास. मुख्याध्यापक असताना काठावरच्या कितीक पोरांना ग्रेस देऊन मी पलीकडे ढकललं, त्याचं पुण्य फळाला आलं म्हणायचं. येताना मिठाई आणली आणि गल्लीभर वाटली.

बाईंनी माझ्या नावाची एक चिठ्ठीही दिली. साखर होऊ नये म्हणून आरोग्य केंद्रात दर बुधवारी वर्ग असतो म्हणे. आता पास झालेल्याने जादा तासाला कशाला बसायचं? शेजारी राहणारे माझे साडू कित्येक वर्षं साखरेच्या गोळ्या खातात, म्हणजे कायमचे नापास. चिठ्ठी त्यांना देऊन टाकली. वर्गात चहा मिळतो का, एवढंच त्यांनी विचारलं.

पत्राला उशीर लाव, मायेला लावू नकोस.

तुझा दादा

१२ जून

ती. दादास, सा. न.

पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. अरे, गणिताचा मास्तर ना तू? या परीक्षेत मार्क जितके कमी तितकं बरं. तू शाळेच्या काठावर नाहीस, विहिरीच्या काठावर आहेस. अजून साखर झालेली नाही, पण होऊ घातली आहे. आणि तू काय केलंस, तर मिठाई वाटलीस! वाटता वाटता पोटात किती गेली, ते मी वहिनीला विचारणार आहे.

तू वर्गाला आला नाहीस म्हणून तुला कुणी शोधत येणार नाही, हे मी खात्रीने सांगते. कारण इथे जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात अशा चिठ्ठ्या देणं हेच माझं काम. किती जणांना वर्गाला पाठवलं, याचा तक्ता आमच्या कार्यालयात भिंतभर लावलाय. किती पोचले, याचा तक्ता नाही. भिंत पुरत नाही, असं साहेब म्हणतात.

पण तू तक्त्यातला नाहीस, माझा भाऊ आहेस. बाबा काठावर होते तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. आधी अंगठा गेला, मग पाऊल, शेवटी बाबा. मी ड्रेसिंग करायचे आणि तू दाराबाहेर उभा राहायचास, तुला बघवायचं नाही. मला तुझं ड्रेसिंग करायचं नाही, दादा. बुधवारी वर्गाला जा.

रागावले आहे, पण लोभ तेवढाच आहे. तुझाही राहू दे.

तुझी छबी

२ जुलै

चि. छबीस, अ. उ. आ.

तुझी आज्ञा शिरसावंद्य मानून गेलो. दारातल्या कारकूनबाईंनी नाव विचारलं. सांगितलं, तर म्हणाल्या की ते गृहस्थ आत बसलेत. डोकावून बघतो तर साडू पहिल्या बाकावर, माझ्या नावाला खणखणीत हजेरी देताहेत. जन्मभर परीक्षेला डमी बसवणारी पोरं कान धरून पकडली, आणि शेवटी मीच डमी बसवला!

खरा मी तो मी, असं बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, असाल, पण एका नावावर एकच माणूस. मग साडूंच्या नावावर मला बसवा, म्हटलं. तर त्यांना आधीच साखर आहे, त्यांना हा वर्ग लागूच नाही. ते आत बसलेत त्याचं काय, या प्रश्नावर बाई जेवायला गेल्या.

साडूंना वर्ग भलताच आवडलाय. बिनसाखरेचा चहा पितात, रोज सकाळी आमच्या गॅलरीखालून झपझप चालत जातात आणि मला हात करतात. मीही बसल्या बसल्या हात करतो. पुढच्या तुकडीत मला घेतील, तोवर थांबतो. काठावरच तर आहे, पळून कुठे जातोय?

तुझ्या वहिनीचा आशीर्वाद. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा दादा

२० सप्टेंबर

ती. दादास, सा. न.

काल कार्यालयात माझं अभिनंदन झालं. साहेबांनी हॉलमध्ये आदर्श लाभार्थ्याचा मोठा फलक लावलाय. खाली तुझं नाव, वर तुझ्या साडूंचा हसरा फोटो. वजन उतरलं, साखर उतरली, सगळं छापलंय. हा माझा भाऊ नव्हे, असं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी फलकाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं की साखर कुणाची तरी उतरली ना? मग जमलेला आकडा कशाला बिघडवता?

हसावं की रडावं कळेना. आधी हसले, मग घरी येऊन रडले. दादा, कागदावर तू बरा झालास. आता तुला कुणी बोलावणार नाही. पुढच्या तुकडीची वाट बघू नकोस. उद्याच जाऊन रक्त दे आणि जे असेल ते लपवाछपवी न करता कळव.

काळजीत असलेली,
तुझी छबी

५ ऑक्टोबर

चि. छबीस, अ. उ. आ.

नापास झालो.

काठ मागे राहिला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळी सुरू केली. आता तरी वर्गात घ्या म्हणून केंद्रात गेलो, तर कारकूनबाई म्हणाल्या की हा वर्ग साखर न झालेल्यांसाठी आहे. झाली नव्हती तेव्हा जागा नव्हती, आता जागा असून उपयोग नाही. साडूंना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. माझी जागा परत द्यायला आले होते. ती घेऊन मी काय करू?

सकाळी पाय धुताना अंगठ्याकडे बघत बसलो. भीती वाटली, छबे. नापास झालं म्हणून रडायचं नसतं, असं वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलो. सांगणं किती सोपं होतं!

तुझा लोभ आता खरोखरच लागेल.

दादा

९ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न.

झालास तर झालास नापास. निकालाच्या दिवशी रडणाऱ्या पोरांना तू काय सांगायचास? पुन्हा बसा. बाबांना पुन्हा बसता आलं नाही. तुला येईल, पाय अजून धडधाकट आहेत.

मी रजा टाकली आहे. भाऊ आजारी, असं कारण दिलं, तर साहेब म्हणाले की तुमचा भाऊ तर ठणठणीत आहे, हॉलमध्ये लावलाय. मी म्हटलं, तो भिंतीवरचा. घरातला आजारी आहे.

रविवारी पोचते. वहिनीला सांग, मिठाईचा डबा मी यायच्या आत घराबाहेर गेला पाहिजे. सोमवारपासून रोज सकाळी तू आणि मी चालायला निघू. हवं तर साडूंना गॅलरीत उभं करू, हात करायला. गोळी माझ्यासमोर घ्यायची, पाय रोज मला दाखवायचे. मी बाबांचे पाय धुतले आहेत, मला फसवता येणार नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो घेऊनच येते आहे.

तुझी छबी

ता. क. पेपर तुझा तूच लिहायचा. या वेळी डमी चालणार नाही.