'द'वरून आडनाव

३ जून
लागली नोकरी! लेगास्पी शहरात, ॲटर्नी सालदुआंच्या वकिली कचेरीत. खाली बेकरी, त्यामुळे दिवसभर पावाचा खरपूस वास. कॉलेज अर्ध्यात सोडलं म्हणून बापाने शिव्या घातल्या, पण इमेलिन इथेच टायपिंग करते. आणखी काय हवं? तिचे वडील, आमच्या गावचे इस्कोकाका रेन्तोरिया, चोरीच्या खोट्या आळापायी तुरुंगात आहेत. दम्याचा माणूस. त्यांच्या जामिनाचा अर्ज आमच्याकडेच. माझं काम सोपं: चॅटबॉटला विचारून जुने निकाल काढायचे.

७ जून
दहा मिनिटांत सहा निकाल! एक तर अगदी हवा तसा: आमच्याच गावचा, आरोपी दमेकरी, नाव दुमालागान, जामीन मंजूर. पण स्पॅनिश राज्यात साहेबाने गावागणिक एकेका अक्षराची आडनावं वाटली तेव्हापासून आमच्या गावात झाडून सगळी आडनावं 'र'ची. हा 'द' कुठून उपटला? ॲटर्नींना म्हटलं, तर म्हणाले, अर्धवट कॉलेजवाल्याने यंत्राला शहाणपण शिकवू नये. इमेलिन खुदकन हसली. कान तापले माझे. तो निकाल तसाच अर्जात घातला. अर्ज दाखल झाला.

११ जून
राहवेना, म्हणून ग्रंथालयात गेलो. त्या निकालाच्या क्रमांकाखाली दोन भावांचं म्हशीवरून भांडण! यंत्राला झापलं. म्हणे माफ करा, निकाल खराच आहे, फक्त नाव चुकलं, आरोपी रेन्तोरिया. हे नाव मी त्याला कधीच दिलं नव्हतं. आणि जामीन म्हणे नामंजूर. तीन दिवसांनी आरोपी कोठडीत — पुढे वाचलं नाही.
अर्ज मागे घ्या म्हणून ॲटर्नींच्या हातापाया पडलो. म्हणाले, न्यायाधीश कुठे एवढं वाचतात?

१६ जून
वाचलं. न्यायाधीशबाईंनी निकालाची प्रत मागितली. ॲटर्नींनी बोट केलं माझ्याकडे. अर्ज फेटाळला. इस्कोकाकांना खोकत खोकत परत नेलं.
जिन्यात इमेलिन एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं ना रे?"
भिंतीवर मूठ मारली. हात सुजलाय.

१८ जून
नव्या अर्जाला सही हवी. ॲटर्नी फोन घेत नाहीत. गाढव लेकाचे — नाही, गाढव मीच. त्या दिवशी तिच्यासमोर एक वाक्य रेटून बोललो असतो तर —
यंत्र मी बंद केलं होतं. तरी पडद्यावर तोच निकाल. आता तारीखही. उद्याची.

१९ जून, सकाळ
तुरुंगात फोन केला. दम्याचा पंप आत पोचला का, विचारलं. थांबा म्हणाले. मग फोन ठेवूनच दिला त्यांनी.
पडद्यावर शेवटची ओळ उमटतेय. आरोपी रेन्तोरिया, सकाळी नऊ वाजता —
नऊ वाजले.
फोन. इमेलिनचं नाव. नाही उचलणार. मी उचलत नाही तोवर काका अजून —