तनयाच्या सायकलचा चिमटा

नारायण पेठ, पुणे
३ फेब्रुवारी २०२५

ती. उल्कामावशीस, पुष्करचा सा. न.

फोनवर मी ओरडतो म्हणून तू पत्रच मागतेस, तर घे. कॉलेज अर्धवट सोडल्याबद्दल आईने पुन्हा रडगाणं गायलं असेलच. पण जब्बारभाईंच्या सायकल-दुकानात माझं मस्त चाललंय. नवे चिमटे आलेत. चिमटा म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क. हा हवेवर दबतो, जेमतेम चार इंच. टेकडीवर चालवून अभिप्राय मीच लिहितो: चढावर डुलत नाही, बारीक खडीवर लोणी, मोठ्या दगडावर मात्र ठणकन आपटतो. हवा जास्त झाली तर दबतच नाही, नुसते हात झिणझिणतात. थोडा दबणाराच चांगला.

तनयानेही तोच बसवला. (हो, तीच!) हवा वजनावर ठरते, म्हणून काल तिच्या मैत्रिणींसमोर विचारलं, तुझं वजन किती. ती म्हणाली, तुझी अक्कल किती ते आधी सांग. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग आपट दगडावर! गेली तशीच. पुढच्या रविवारी पहिल्यांदाच माझ्याबरोबर टेकडीवर येणार होती गं. आता कसली येतेय! माझं काय चुकलं?

लोभ आहेच, त्यात हवा भरत राहा.
पुष्कर

सातारा
७ फेब्रुवारी

चि. पुष्करास अनेक आशीर्वाद.

गाढवा, लग्नाला एकतीस वर्षं झाली, काकांना अजून माझं वजन माहीत नाही! माझ्याकडे ब्लाउज शिवून घ्यायला आलेल्या बाईला मी वजन विचारत नाही, टेप लावते. तुझ्या चिमट्याला मापाची काही सोय नाही? आणि थोडा दबणाराच चांगला, हे नक्की कुणाबद्दल लिहिलंस? आईला मी बघते. तू तनयाकडे जा.

डोकं थंड आणि पोट भरलेलं राहो.
मावशी

पुणे
१७ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.

सोय होती गं! चिमट्यावर रबरी कडी असते. माणूस बसला की सरकते. जेवढी सरकली, तेवढा चिमटा दबला. रोज बघतो, तरी सुचलं नाही. तनयाला म्हटलं, चुकलो. ऐकू आलं नाही म्हणाली. पुन्हा म्हटलं. तरी ऐकू येईना! ओरडणारच होतो, तेवढ्यात तू आठवलीस. तिसऱ्यांदा आणखी हळू म्हटलं. मग बसली सायकलवर. कडी बोटभर सरकेपर्यंत हवा सोडली.

काल आली टेकडीवर. दगडांवरून माझ्या पुढे उतरली. खाली लिंबू सरबत पिताना, न विचारता, कानात वजन सांगितलं.

आकडा विचारू नकोस. काकांनाही सांगणार नाही.

तुझाच, थोडा दबलेला,
पुष्कर