मुंबईची पोर गावात नोकरीला

१४ एप्रिल १९५८
सुमाला नोकरी लागली! आधी हे लिहिते, मग बाकीचं. सुमा म्हणजे माझी नात. पुढे नुसतं सु. लिहीन, हात दुखतो माझा. कामगार केंद्रातल्या वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या, रोज चार ओळी लिहा म्हणजे अक्षर वळेल. आज चार ओळींत मावणार नाही.

रत्नागिरीच्या स्कूल बोर्डाची ऑर्डर आली. प्राथमिक शिक्षिका. आणि शाळा कुठली, तर आमच्याच गावची! देवगडला बोटीतून उतरायचं नि डोंगर चढून जायचं, ते गाव. पोस्टमनला थांबवून गूळ दिला, साखर संपली होती. म्हणतो, आजीबाई, पेढे कधी? म्हटलं, पेढे ती पहिल्या पगारात देईल, तोवर गूळ चघळ.

आमच्या घरातल्या बाईला किती वर्षांनी काम लागलं. शेवटची मी. गिरणीत वायडिंगला होते, सूत गुंडाळायच्या खात्यात. नवी मशिनं आली आणि आम्हा बायकांना घरी बसवलं. साहेब म्हणाला, तुमची आता गरज नाही. गरज नाही! जशा काही आम्ही पाहुण्या म्हणून गेलो होतो. त्यानंतर ह्या चाळीतली एक बाई गिरणीत नव्यानं लागलेली मी पाहिली नाही. आणि आता गावाला बाई पाहिजे म्हणे, सरकारी कागदावर शिक्का मारून. मी तो शिक्का दोनदा हात लावून बघितला.

संध्याकाळी बाळू पाळीवरून आला. माझा मुलगा, सु.चा बाप, साळखात्यात साचे, म्हणजे माग, चालवतो. सांगितलं त्याला. डबा ठेवला, हात धुतले, म्हणाला, "नाय जावचा." आणि जेवायला बसला. बांगडा इतका सुरेख झाला होता, अर्धा टाकला मेल्यानं.

१५ एप्रिल
चाळभर झालं. नळावर सोनकाबाई, शेजारीण, हंडा खाली ठेवून विचारते, "काय गो, लोक गावसून मुंबैक येतत. तुमचा चेडू उलटा खय चल्ला?"
म्हटलं, "तू खाडीकाठची ना? भरती आली की पाणी उलटंच चढतं. कधी बघितलं नाहीस?"
हसली. मग हळूच म्हणते, "पण बाय, गावात ऱ्हवणाऱ्या पोरीक खोलीवालो नवरो कोण देतलो?"

हे मात्र खोटं नाही. मुंबईत खोली नि पक्की नोकरी असलेला मुलगा, त्याला गावची मास्तरीण कशाला? बाळूच्या मनात तेच असणार. पण मी त्याला हे बोलून दाखवणार नाही. आपल्या विरुद्धचं खरं आपण कशाला सांगा.

२० एप्रिल
सु.नं इथल्या म्युनिसिपालटीच्या शाळांत दोनदा अर्ज टाकला होता. मी बरोबर गेले होते. मुलींची रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत. पुढची मॅट्रिक, मागची मॅट्रिक, मधे आमची सातवीची फायनल आणि मास्तरकीचं ट्रेनिंग. एक मुलगी तर उन्हात चक्कर येऊन पडली, तिला कांदा हुंगवला मी. कांदा कुठनं आणला विचारू नका, माझ्या पिशवीत कांदा असतोच, अश्रुधुराच्या दिवसांपासूनची सवय.

आणि गावच्या शाळेसाठी अर्ज किती? एक. हिचाच.

गावाला मास्तर का नाही? कारण मास्तर इथं आहे! खालच्या मजल्यावर आमच्या गावकीची खोली आहे, गावचे एकटे पुरुष तिथं पथारी टाकून राहतात. त्यातच विष्णू मास्तर. शाळा सोडून गिरणीत बदली कामगार झाला. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत, नाहीतर घरी. बहुतेक वेळा घरीच. बायको-पोरं गावाला.

आज जिन्यात भेटला. म्हणाला, "सुमाताई आमच्या शाळेवर जाणार म्हणे. त्यांना सांगा, मागची भिंत पावसात ओली होते, फळा पुढे घ्या." एवढं बोलून पटकन उतरला. आमच्या शाळेवर, म्हणाला.

२७ एप्रिल
आज काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर उद्या सगळे आपापल्या सोयीचं सांगतील.

गावकीच्या खोलीत आमच्या गावच्या मुंबईकरांच्या मंडळाची सभा होती. पुरुष चटईवर, बायका दारात, चहा आमच्याकडे. मे महिन्यात कोण कोण गावाला जाणार, शाळेची फुटलेली कौलं कोणी न्यायची, हे झालं. मग बाळूनं आपणहून सु.चा विषय काढला. मला कळलं त्याचं. तात्या नाही म्हणतील आणि हा सुटेल. तात्या म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. गिरणीत त्यांची ओळख. गावचे निम्मे लोक त्यांच्याच शब्दावर आत गेलेत.

तात्या म्हणाले, "शाळा आपल्या मंडळान बांधली, ता खरा. मास्तर होयो, ताय खरा. पण आपल्या घरचा चेडू थंय एकटा ठेवचा म्हणजे..." आणि मान हलवली. सगळ्यांनी हलवली. देवळात एकानं घंटा वाजवली की सगळे वाजवतात तसं.

मी ट्रे ठेवला आणि आत जाऊन चटईवर बसले. मधोमध.

म्हटलं, "तात्यांनू, शाळा कुणी बांधली?"
"मंडळान."
"आणि मास्तर कुणी पळवला?"

विष्णू मास्तर कोपऱ्यात कपात बघत बसला. मी म्हटलं, "गावचा माणूस, बरा पगार मिळेल त्याला, म्हणून तुम्हीच त्याला गिरणीच्या गेटात घातलात. चांगल्या मनानं घातलात. पण एका हातानं कौलं पाठवता आणि दुसऱ्या हातानं मास्तर उचलता. गावात काय नाय, गावात काय नाय म्हणून ओरडता. जे काय उगवतं ते पहिल्या बोटीनं इथं आणता. मग तिथं राहील कोण? म्हाताऱ्या आणि कोंबड्या?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तारा होती, माझी सून. ती कधी हसत नाही चारचौघांत.

तात्या पण पोचलेले. विडी विझवली नि म्हणाले, "बरा तर. चेडू एकटा ऱ्हवाचा नाय. तू जा तिच्यावांगडा. ऱ्हवतलंस वरसभर?"

आता सगळी खोली हसली. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, चाळीस वर्षांत मी गावाला आठ दिवस धड राहिलेली नाही. शिमग्याला गेले की तिसऱ्या दिवशी मुंबई मुंबई करते. बाळूपण हसला, सुटलो म्हणून.

मी म्हटलं, "ऱ्हवतंय."

हसणं थांबलं. चहा गार झाला होता, तसाच प्याले सगळे.

२८ एप्रिल
काय बोलून बसले!

तिथं माझी जाऊ इंदू. चुलीवर तिचं राज्य. मी गेले की म्हणते, "मुंबैकरीण इली, आता पाणी उकळूक होया." मला आवाजाशिवाय जमत नाही. गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, दुसरा झाला की पोळ्या टाकायच्या. तिथं काय, कोंबडा. त्याचा काय भरवसा.

सु. म्हणाली, "आजी, तुला नको असेल तर मी तात्यांना सांगते." म्हटलं, तू गप. शब्द मी दिलाय, तू नाही. मग ती मला मिठी मारून रडली. एकोणीस वर्षांची घोडी. मला एवढा आनंद झाला की मीपण रडले. कारण काय ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

१ मे
मोर्चाला गेले. तारा म्हणत होती गुडघे बघा आपले. गुडघे माझे, मोर्चा माझा. परळवरून निघालो. लाल बावटे, मधेच कोणाचा भगवा, घोषणा तीच, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. गोळीबाराच्या वेळी आम्ही बायकांनी ह्याच रस्त्यावर गॅलरीतून अश्रुधुरावर धरायला ओली फडकी टाकली होती, ते आठवलं. त्या दिवसांतली किती पोरं परत घरी आली नाहीत. आजपण त्या नाक्यावर माझा आवाज जरा जास्तच चढला.

सोनका शेजारीच चालत होती. मला कोपर मारते, "मुंबै आमची म्हणान आराडतंस आणि बोटीत बसान चललंस! आमका सांगतंस झगडा, आणि तू पळतंस?"

लागलं मला. मग म्हटलं, "सोनके, दुसऱ्याच्या खोलीत राहणारी बाई बाहेर जायला घाबरते, परत आत घेतील की नाही म्हणून. मुंबई माझी खोली आहे. मी कुलूप लावीन नि वाटेल तिथं जाईन. आणि तो संयुक्त महाराष्ट्र काय लालबाग-परळातच होणार आहे काय? माझ्या गावाला नको?"
ती म्हणाली, "ता पण खरा." आणि माझ्याहून जोरात ओरडली.

१० मे
पावसाआधी बोटी बंद होतात. त्याच्या आत गेलं पाहिजे, जूनमध्ये शाळा उघडायची. तात्यांची अट मी पाळतेय, म्हणजे मंडळ आता काही बोलू शकत नाही. राहिला बाळू. बाप नको म्हणत असताना सु. पाय उचलणार नाही, ते मला माहीत आहे.

आज पाळी संपवून आला तेव्हा गॅलरीत गाठला. तो पहिल्यांदा सगळं बोलला.

"आये, माका लोकांची लाज नाय. साचे आसत तेवढेच आसत, नवो एक लागाक नाय. गेटावर बदल्यांची गर्दी मात्र वाढता. मी पक्को म्हणान चल्ला हा. पण बाबा बोटीत बसान इले, तू वायडिंगात हाडा झिजवलंस, ता कशाक? चेडू परत थंयच जावचा म्हणान?"

खाली टांगेवाला कोणाशी तरी भांडत होता, ते ऐकत उभी राहिले.

मग म्हटलं, "बाळू, तुझे बाबा मुंबईला नव्हते आले रे. कामाला आले होते. काम इथं होतं म्हणून इथं. आज तुझ्या पोरीचं काम तिथं आहे. ती परत कुठं जातेय? मी गेले तर परत गेले. ती पहिल्यांदाच जातेय."

सदरा चढवला, खाली गेला. नाही म्हणाला नाही, हेपण लिहून ठेवते.

१७ मे
तिकिटं तात्यांनी आणून दिली. मोठा माणूस, हरला तरी नीट हरतो.

तारानं ट्रंक भरली. सु.ची पातळं, माझी लुगडी, सुकटीचा डबा मी काढला, तिनं परत घातला. म्हटलं, अगं, कोकणात सुकट नेऊ? लोक हसतील. मग काढला. शेवटची गाठ मारताना म्हणाली, "सासूबाई, मला कोणी पाठवलं असतं तर मीपण गेले असते." आणि चुलीकडे गेली. इतकी वर्षं घरात वावरतेय. मी कधी विचारलंच नाही तिला.

विष्णू मास्तर वर आला, उद्या ट्रंक मी उचलतो म्हणाला. सु.नं त्याला सांगितलं, शाळेला दुसऱ्या शिक्षकाची जागा मंजूर आहे, रिकामीच आहे. तो म्हणाला, "नको, मुकादम ह्या महिन्यात पक्का करतो म्हणालाय." हे तो दिवाळीपासून सांगतोय. सु. पुढे बोलली नाही. शहाणी आहे. मी बोलणार होते, पण तिनं माझा पदर ओढला.

बाळू दुसऱ्या पाळीला गेला.

१८ मे
बोटीवर बसून लिहिते, ओळी वाकड्या जातील.

सकाळी बाळू घरात नव्हता. सु.चं तोंड एवढंसं. भाऊच्या धक्क्यावर येईपर्यंत ती मागे वळून बघत होती. मी म्हटलं, पुढे बघ, पडशील. मीपण बघतच होते.

धक्क्यावर तोच आधी येऊन उभा! डेकवर बसायला जागा धरून ठेवली होती, वाऱ्याच्या बाजूला, चादर अंथरून. सु.ला म्हणाला, "पावसात वहाळ ओलांडू नको. पाणी उतरासर थांब. शाळा एक दिवस ऱ्हवली तरी चलात." मग माझ्याकडे बघून, "आणि तू इंदूकाकीवांगडा भांडा नको." म्हटलं, त्याचं वचन नाही देत. हसला. पण जा असं नाही म्हणाला, शेवटपर्यंत. आता खाली उभा आहे, डोळ्यांवर हात धरून. वर्षभरानं पोरीला परत ने म्हणेल की काय कोण जाणे. म्हणू दे. तेव्हा बघू.

विष्णू मास्तर ट्रंक घेऊन वर आला तो अजून इथंच आहे. ट्रंकेवरच बसलाय. सु.ला सांगतोय, कुठल्या वाडीची पोरं उशिरा येतात, कोणाला घरून पाटी देत नाहीत, चौथीचे हिशेब कुठपर्यंत झाले होते आणि कुठे अडले होते. सु. मधे मधे विचारतेय. त्याचा आवाज मी चाळीत कधी असा ऐकला नव्हता.

शिटी झाली. खलाशी ओरडत फिरतोय, पोचवायला आलेल्यांनी उतरा, उतरा. मास्तरनं एकदा वर बघितलं आणि परत बोलायला लागला.

मी काही त्याला उठवत नाही.