लोहभस्माचा खल कोणाकडे जावा याविषयी

॥ श्रीधन्वंतरी प्रसन्न ॥

श्रीरामेश्वराच्या कृपेने आजवर हात चालला व बुद्धी अजून शाबूत आहे. म्हणून मी, वैद्य बाळाजी महादेव ओक, राहणार चौल, जिल्हा कुलाबा, कोणाच्याही दडपणावाचून हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे.

राहते घर व मागील पोफळीची वाडी माझी पत्नी सौ. आवडाबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. पश्चात माझ्या दिवंगत पुत्राची पत्नी कोकिळा हिच्याकडे जाईल. यात वाद नाही. वाद आहे तो पुढील कलमाचा.

लोहभस्माचा दगडी खल, मातीची संपुटे म्हणजे तोंडास तोंड लावून लिंपायच्या परळांच्या जोड्या, व भट्टीचा खड्डा मी कोकिळेस देत आहे. लोखंड तेच, पण संपुटाची सांध उघडी राहिली तर भस्म तांबडे उतरते, नीट लिंपली तर काळे उतरून लोहचुंबकाकडे धावते. हा भेद मी व कोकिळेने पुनःपुन्हा भट्टीत पुटे देऊन पडताळला आहे. तथापि परीक्षा चुंबकापाशी संपत नाही. भस्म बोटांच्या रेषांत शिरावे, पाण्यावर तरंगावे, आणि त्या तरंगत्या थरावर ठेवलेला तांदळाचा दाणाही बुडू नये, असे रसशास्त्र सांगते.

पुतण्या रामचंद्र याने काय केले? समुद्रकाठची काळी रेती चुंबकाने वेचली, वाटली आणि माझ्या नावाच्या पुड्यांतून रेवदंड्याच्या बाजारात विकली! थळची ठमाबाई कोळीण पोट धरून ओटीवर आली. "वैद्यबुवा, तुमचीच पुडी हाय न्हवं? दाताखाली रेती लागते न् पोटात आग पडते!" तिच्यादेखत पुडी पाण्यात टाकली; तळाशी गेली. रामचंद्रास बोलावले, तर म्हणतो, "काका, चुंबक ओढतो ना? मग झालं! गिऱ्हाईक कुठे पाण्यात टाकून बघतं?"

मी म्हटले, "चुंबक अडकित्त्यालाही ओढतो. उद्या तोही कुटून खपवशील!"

वर त्याचे वडील, माझे बंधू रावजी, भर पंक्तीत म्हणाले, "विधवेच्या हातचं औषध? शास्त्राला मान्य नाही." ते वचन त्यांनी मला दाखवावे. माझे आयुष्य ग्रंथांत गेले. मला ते आढळले नाही. रोग्याच्या पोटात रेती घालावी, असेही कोठे आढळले नाही.

सबब रामचंद्राने माझे नाव, शिक्का वा खल यांस हात लावू नये. त्यास चुंबक तेवढा द्यावा. यापुढे पुड्यांवर 'वैद्य कोकिळा ओक' असे छापावे. बाजारात उरलेल्या माझ्या नावाच्या पुड्या रावजींनी स्वतः दारोदार फिरून परत आणाव्यात व खाडीत टाकाव्यात. हे झाल्यावाचून माझे दिवस घालू नयेत. मी थांबेन.

स्वाक्षरी : बाळाजी महादेव ओक
साक्षीदार : बुधाजी पाटील (मिठागरवाले) व दयाराम म्हात्रे
चौल, आश्विन वद्य त्रयोदशी, शके १८७९

हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मुखी पडणारे औषध शुद्ध असो, आणि ते त्यास लाभो.