विहिरीतले चुन्याचे खडे

चि. प्रद्युम्न,

मार्गासनीच्या आपल्या विहिरीचं खोदकाम महिनाभर बंद आहे, केवळ तुझ्यामुळे. मातीच्या थरात चुन्याचे खडे दिसताच तू ओरडलास, "मावशी, थांबव! यांतला जड आणि हलका ऑक्सिजन मोजला, की हे खडे बनले तेव्हा इथली माती किती तापायची त्याचा अंदाज येतो." थर हलवू नकोस, आठवड्यात नमुने नेतो, म्हणालास. त्यानंतर तुझा फोनच लागत नाही.

विहीर खोदणारे कुंडलिकराव रोज विचारतात, "बाई, मातीचा ताप मोजला का न्हाई अजून तुमच्या भाच्यानं?" मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून तुझी बाजू घेऊन त्यांना आयसोटोप समजावते. ते मान डोलावतात आणि माझ्या आंब्याच्या कलमांकडे बघतात. पाण्यावाचून निम्मी वाळली. तुला हजारो वर्षांपूर्वीचा उन्हाळा हवा. इथल्या आजच्या उन्हात एक दुपार उभा राहिला नाहीस.

उद्या खोदकाम सुरू होईल. खडे मी स्वतः थराथराने काढून, खोली लिहून, डब्यांत भरलेत. हे पत्र मात्र पाठवणार नाही. मिळालं तर तू धावत येशील, "मावशी, आणखी आठच दिवस" म्हणशील, आणि मी पुन्हा ऐकेन.

तुझ्यावर संतापलेली,
सुलक्षणामावशी