अरुंधतीचं अंतर अजून आलं नाही

प्रिय सुमन,

आज दुकानातल्या संगणकावर ताऱ्यांच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती उतरवून घेतली. गिऱ्हाईक झेरॉक्ससाठी उभं होतं, तरी आधी सप्तर्षी उघडले. वसिष्ठावर टिचकी मारली, मग अरुंधतीवर. अंतराचे आकडे तेच, जुनेच! मी कशाची वाट पाहतोय हे दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून तुलाच लिहितोय.

जळकोटात आपलं लग्न भर दुपारी लागलं. भटजींनी उत्तरेकडं बोट केलं, "अरुंधती दिसली का?" आणि तू माझ्याआधी म्हणालीस, "दिसली!" मागून विचारलं तर हसत सुटलीस. "कशाची दिसती? पंगत खोळंबली हुती."

खरी अरुंधती तुला मी दाखवली ती दुकानात, पडद्यावर. तू डबा घेऊन आली होतीस. दोन्ही ताऱ्यांची अंतरं वाचून दाखवली. मध्ये काही प्रकाशवर्षांचा फरक.

"म्हंजी शेजारी दिसत्यात, पर न्हाईत?"

"नाहीत."

"मग इतक्या पिढ्या नवरा-बायकूला उगंच दावलं व्हय?"

"उगंचच," मी म्हणालो. केवढ्या तोऱ्यात!

तू क्षणभर पडद्याकडं पाहिलंस. "आवो, मी ब्लाऊज शिवताना बी शिवणीत दोन बोटं जादा माया सोडते. ह्या मोजणाऱ्यांनी किती सोडली?"

मी हसलो. तुझ्या शिलाई मशीनची आणि आभाळाची काय बरोबरी, असंही बोललो. तू डबा ठेवलास आणि गेलीस. भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडणारी तू, त्या दिवशी माझ्याशी का भांडली नाहीस गं?

तू हे जग सोडून गेल्यावर वर्षभरानं त्याच आकड्यांखालची बारीक ओळ वाचली. मोजमापात किती चूक असू शकते, ते तिथं लिहिलेलं होतं. दोन ताऱ्यांमधल्या फरकापेक्षा ती चूकच मोठी! म्हणजे ते शेजारी असतीलही, नसतीलही. तू नेमकं तेच विचारलं होतंस. आणि मी न वाचता निकाल देऊन मोकळा झालो होतो.

आपल्या प्रियंकाकडून सॉफ्टवेअरवाल्यांना इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. उत्तर सभ्य होतं. हे तारे फार तेजस्वी, त्यामुळं अचूक मोजणं अवघड. नवी मापं प्रसिद्ध झाली की यादीत घालू, कधी ते सांगता येत नाही.

पोरगी म्हणाली, "बाबा, सोडा की आता. आईला काय फरक पडतोय?"

"मला पडतो," म्हणालो. नवी आवृत्ती आल्याचा निरोप मात्र तीच सोलापुराहून देते.

सकाळी देवापुढं दिवा लावताना मी अमुकच आकडा येऊ दे असं मागत नाही. ते मागणं बरं नव्हे. खरा येऊ दे, एवढंच म्हणतो.

तर सुमन, ऐक. प्रत्येक नवी आवृत्ती मी उघडणार. वर्षं लागली तरी. ते तारे एकमेकांपासून दूर निघाले तर तसंच तुला सांगेन, लपवणार नाही. तोवर दुकानात कुणी विचारलं तर सांगेन, अजून कळलेलं नाही. आणि चूक किती धरली आहे ती ओळही वाचून दाखवेन.

पण "उगंचच" म्हणालो होतो, तो शब्द आजच मागं घेतो. त्यासाठी आकडा यायची गरज नाही.

तुझा,
दत्ता
तेर