सोडलेलं तळं

तळ्याचा मळा, माधवनगरजवळ
ता. १० डिसेंबर १९४५

चि. जिनपाल यास,

अक्काचा जय जिनेंद्र आणि आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, माझा गुडघा सोडून. विजयमालेचा खोकला कसा आहे? तिला म्हणावं, सांगलीच्या वखारीत हळदीची धूळ उडते, तोंडावर पदर घेत जा. मुलांचे माझ्यातर्फे पापे घे. दसऱ्यापासून तुझं माझं बोलणं बंद आहे, मुलांचं कशाला बंद व्हावं?

दोन कोसांवर राहतोस आणि मला पाकिटाला तिकीट लावावं लागतं, याचं हसू येतं. पण तू येत नाहीस आणि मी येणार नाही. अप्पांचीच पोरं आपण, ताठ्याला कमी कशी असू!

परवा पहाटे करकोचे आले. मी अंगणात चूल पेटवत होते. धुकं एवढं की दावणीची म्हैस दिसेना, आणि त्या धुक्याच्या वरून आवाज सुरू झाले. कुणी फार लांबून हाका मारत येतंय असं वाटलं. फुंकणी हातात धरून तशीच उभी राहिले, चूल विझली. मग एकेक करून ते खाली यायला लागले, पाय लोंबते सोडून, आणि पाण्याच्या कडेला टेकले की दिसेनासे व्हायचे. पाणी कुठं संपतंय आणि धुकं कुठं लागतंय, काही कळत नव्हतं. मी अजून अंथरुणातच आहे, असंही वाटून गेलं. त्यांच्या पाठोपाठ भगव्या अंगाच्या चक्रवाकांच्या जोड्याही उतरल्या.

तुला आठवतं का? अप्पा आपल्याला घोंगडीत गुंडाळून बांधावर नेऊन बसवायचे. तू पाचेक वर्षांचा असशील. सगळा थवा एकदम उठला की तू भिऊन माझ्या कुशीत शिरायचास आणि मी तुझे कान झाकायची. अप्पा म्हणायचे, "भिऊ नगंस रं. ती बी आपल्या मुनीम्हाराजांवानी हायती. संगं काय घेत न्हाईत, एका जागी ऱ्हात न्हाईत."

शेजारच्या मळ्यातला कृष्णात लढाईवरून परत आलाय. चार वर्षं पलटणीत होता. काल ताक प्यायला आला आणि बांधावर बसला तो उठेचना. म्हणाला, "अक्का, ही पाखरं म्या तिकडं इराकात, बसऱ्याला बघितली. तितंबी दलदलीत उतरायची. मला वाटायचं, आता ही आपल्या तळ्यावर जाणार, ह्यांच्या पायाला चिठ्ठी बांधावी." एवढा मिशाळ गडी, पण डोळे पुसत होता.

आता खरं काय ते लिहिते. मंगळवारी नव्या गिरणीची माणसं साखळी घेऊन आली आणि तळं मोजून गेली. त्यांचा साहेब भला माणूस, घाम पुसत माझ्या ओसरीवर टेकला. म्हणाला, "बाई, हजार गाड्या मुरूम टाकावा लागेल, तरी कामगारांच्या खोल्या ओल्याच राहणार. तुमच्या उसाची जागा असती तर उद्याच पाया खणला असता." मी म्हटलं, उसाकडं बघू नका, ती माझी भाकरी आहे. तेव्हा तो म्हणाला, तळ्याचा करार तुमच्या भावानं केलाय.

जिनू, हे मला परक्याच्या तोंडून कळावं? आईनं आपल्याला काय शिकवलं? पाणी गाळलं की फडक्यावर राहिलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे. वाटीभर पाणी घेऊन ती तळ्यापर्यंत चालत जायची, भर पावसातसुद्धा. आणि तिचा मुलगा अख्खं तळं मुरमाखाली घालणार? करार मोड. तळं कागदोपत्री तुझं आहे, मोडणं तुझ्या हातात आहे. ते तुझ्या नावावर कसं गेलं, ते आत्ता उगाळायला नको.

तुझी,
अक्का


ता. ४ जानेवारी १९४६

चि. जिनपालास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तीन पानं लिहिलीस, आणि तिन्हींना हळदीचा वास! पहिलं पान मी रागानं वाचलं. गिरणीतल्या माणसांची बायकापोरं रस्त्याकडेला गोणपाटाच्या आडोशाला राहतात, पोरं थंडीनं काकडतात, पाखरांना जग मोकळं आहे पण माणसांनी जावं कुठं, असं तू लिहिलंस. ते आडोसे मी बघितले आहेत रे. आटपाडीकडची हरणाबाई माझ्याकडं रोज ताक न्यायला येते. तिकडं पाणी नाही म्हणून नवरा गिरणीत लागला. पाठीवरचं पोर सारखं शिंकत असतं. तू लिहिलंस त्यात खोटं काही नाही, म्हणूनच जास्त राग आला.

दुसऱ्या पानावर लिहिलंस की गिरणीवाल्यांनी आधी ऊसच मागितला होता, पण अक्काच्या भाकरीला हात लागू नये म्हणून तू तळं पुढं केलंस. अरे शहाण्या, हे आधी नाही सांगायचं? महिनाभर मी तुला शिव्या घालतेय!

तिसऱ्या पानावर एकच ओळ होती. "अक्का, तू महाराजांसमोर सोडलेली वस्तू आता परत मागतेस?" ती वाचली आणि पत्र फळीवर ठेवून दिलं. आठ दिवस हातात लेखणी धरवली नाही. आज सगळं लिहिते, हसू नकोस.

भाद्रपदातल्या पर्युषण पर्वाचा शेवटचा दिवस होता. बस्तीच्या देवळात मुनिमहाराजांसमोर बायका एकेक करून नियम घेत होत्या, की यापुढं मी माझ्याजवळ एवढंच ठेवीन, बाकीचं सुटलं. चंपाबाई उठली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि म्हणते काय, दहा लुगडी ठेवीन, चार बांगड्या ठेवीन. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काय झालं कुणास ठाऊक! तरातरा उठले आणि म्हणाले, "सहा लुगडी, दोन भांडी, एक म्हैस, एक घर, एक तुकडा जमीन. बाकी सोडलं." लगेच माझ्या नावानं कुजबुज सुरू झाली, "अगं बाई, चंदनबालेनं तळंसुद्धा सोडलं!" ती कुजबुज मला साखरेसारखी लागली, जिनू. चंपाबाईचं तोंड तर बघण्यासारखं झालं होतं.

अप्पांनी मला चोळीबांगडीला जमिनीचे दोन तुकडे दिले होते. एकात ऊस पिकतो, दुसऱ्यात नुसतं पाणी. मग मी सोडलं काय? ज्यानं मला कधी दाणा दिला नाही ते सोडलं आणि गावात त्यागी म्हणून मिरवले. करकोचे त्या वेळी मनातसुद्धा आले नाहीत. ते कुठं माझे होते? येतात, जातात. तळं माझं होतं म्हणून त्यांना उतरायला जागा होती, एवढं माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

दसऱ्याला तळ्याचा कागद तुझ्या नावानं करताना तू हळूच विचारलंस, "अक्का, हे कुणाला दाखवायला?" त्यावर मी भरल्या ताटावरून उठून आले. तू खोटं बोलला असतास तर उठले नसते.

काल सांडव्यापाशी गिरणीच्या माणसांनी बांध फोडला. पाणी ओढ्याला चाललंय, त्याचा आवाज झोपेतही थांबत नाही. अर्ध्या तळ्याचा गाळ उघडा पडला. करकोचे उठले ते दिवसभर वरच्या वर फिरत राहिले, खाली येईनात. दिवस कलला तसे गेले. आज आभाळ नुसतं निळंभोर आणि रिकामं आहे. मी आपली घटकाघटकेला अंगणात येऊन वर बघते, खुळ्यासारखी.

तुला काय कर म्हणून सांगू, ते मला अजून सुचत नाही.

अक्का


ता. २० जानेवारी १९४६

चि. जिनूस,

संक्रांतीला तू आला नाहीस, पण विजयमालेनं तीळगूळ पाठवला. पोचला आणि संपलाही. खाऊन गोड बोलायचं असतं, तर घे, आज गोडच बोलते.

सोबत कागद आहे. उसाचा तुकडा, घरासकट, मी तुझ्या नावानं लिहून दिलाय. तो गिरणीला दे. रस्त्याला लागून आहे, उंचावर आहे, कोरडा आहे. या महिन्यात ऊस गुऱ्हाळाला गेला की फड मोकळा होईल. साहेबाला म्हणावं, खण पाया. हरणाबाईच्या पोराला कोरडी जमीन मिळू दे. आणि बदल्यात तळं माझ्या नावावर कर.

नियम मोडत नाही मी. एक तुकडा जमीन म्हटलं होतं, एकच राहील. कुठला, ते महाराजांनी विचारलं नव्हतं! घर म्हणशील तर बांधावर अप्पांचं राखणीचं खोपटं आहे. कृष्णातनं त्याला नवं छप्पर घातलं. "लय खुळ्या हाय तुमी, अक्का. तळ्यात काय पिकवनार?" असं बडबडत होता, पण भिंतीसुद्धा त्यानंच लिंपल्या. दोन गडी घेऊन फुटलेला बांधही बुजवला, पोत्यांत माती भरून. पलटणीत शिकलाय म्हणे. तुला न विचारता केलं, आणि पोतीही तुझ्याच वखारीची, माझ्या माळ्यावर पडलेली. तळ्याच्या त्या कोपऱ्यातलं पाणी सध्या हळदीनं पिवळं दिसतं. ओरडायचं असेल तर येऊन ओरड.

खाशील काय, असं विचारशील. म्हैस आहे. चाळी उभ्या राहिल्या की दुधाला गिऱ्हाईक दारातच येईल. भागेल माझं.

भीती वाटते का? वाटते रे. काल फडातून सगळ्या सऱ्या फिरून आले. तिथली एक सरी अशी नाही की जिला मी घोटाभर पाण्यात उभं राहून पाणी पाजलं नाही. मधे बसून रडले, कुणी बघत नव्हतं तोवर. भाद्रपदात सोडताना मला काहीच झालं नव्हतं. या खेपेला आतून तुटलं. म्हणून वाटतं, नियम मी आत्ता घेतला.

बस्तीत कुणाला सांगू नकोस. चंपाबाईला तर मुळीच नाही. कुणी विचारलं तर म्हणावं, अक्काला गुडघ्यामुळं शेत झेपेना.

तळाच्या झऱ्यांनी पाणी हळूहळू चढतंय. चक्रवाकांची एक जोडी परत आली आहे, गाळाच्या कडेनं चालत असते. करकोचे नाहीत. पण आज पहाटे खोपट्यात पडले होते, बाहेर दाट धुकं, आणि वरून आवाज आल्यासारखा वाटला. अगदी उंचावरून, विरळ. बाहेर आले तर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसेना. ते खरंच होते की माझ्या कानांचे खेळ, काही कळत नाही. तू येऊन ऐक. तुझे कान मी लहानपणी झाकले होते, ते अजून चांगले असतील.

तळ्याच्या कागदावर सही केलीस की पोस्टानं पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. पहाटेच ये, घोंगडी आहे.

नियमातली यादी पुन्हा लिहून ठेवते, विसरायला नको. सहा लुगडी, दोन भांडी, एक म्हैस, एक खोपटं, एक तळं. त्या दिवशी भाऊ यादीत घालायचा राहून गेला होता. "बाकी सोडलं" म्हणाले तेव्हा त्यात तूही सुटलास की काय, ही धास्ती दसऱ्यापासून माझ्या पोटात आहे. सुटला नसशील तर ये.

बांधावर बसून वाट बघणारी,
तुझी अक्का